नागपूरच्या उन्हात टिकेल असं विज्ञानपटातलं चिलखत

चिलखत बनवायला घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा. ते काचेच्या कपाटात ठेवायचंय, की अंगावर चढवून तास-दोन तास लोकांत वावरायचंय? ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि नागपुरात हा फरक साहित्य निवडण्यापासूनच सुरू होतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ६० च्या वर सहज चढतो. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक मार्गदर्शक थंड हवेच्या देशांत लिहिलेले असतात. त्यातलं प्लास्टिक, त्यातला गोंद, त्यात सांगितलेल्या घालण्याच्या वेळा आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. म्हणून प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी तपासायच्या: हा भाग पडद्यावर कसा दिसतो, आणि आपल्या उन्हात तो कसा वागेल.

आधी नमुना पक्का करा

उदाहरणासाठी मी १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधला पांढरा सैनिक, म्हणजे स्टॉर्मट्रूपर घेतोय. त्याच्या घडणीचा अभ्यास जगभरच्या हौशी लोकांनी बारकाईने केलाय, आणि त्यावरून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही चिलखताला लागू पडतं.

ती चिलखतं इंग्लंडमध्ये बनली. अँड्र्यू एन्सवर्थ ह्या कारागिराने प्लास्टिकचे पातळ पत्रे तापवून, साच्यावर टाकून, खालून हवा खेचून ते भाग काढले. ह्यालाच व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. पडद्यावर ते सगळं यंत्रातून निघाल्यासारखं दिसतं, पण जवळून पाहिलं की हाताचं काम ओळखू येतं. हेल्मेटची डावी आणि उजवी बाजू एकसारखी नाही. पहिल्या चित्रपटात गालांवरच्या नळ्यांचे निळे पट्टे हाताने रंगवलेले होते. १९८० च्या पुढच्या चित्रपटात तिथे स्टिकर आले. गर्दीतल्या सैनिकांच्या हेल्मेटला सपाट काचा होत्या, कॅमेऱ्याच्या जवळ येणाऱ्या मोजक्या हेल्मेटना फुगीर. ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रित झालेल्या सैनिकांचं चिलखत मळवलेलं, पाठीवर सामान आणि खांद्यावर रंगीत पट्टा. म्हणजे ‘स्टॉर्मट्रूपर बनवतोय’ एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या चित्रपटातला, कुठल्या प्रसंगातला, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहा.

बरेच जण कॉम्प्युटरवर अर्धं हेल्मेट काढतात आणि उरलेलं अर्धं आरशातल्यासारखं उलटवून जोडतात. ते देखणं होतं, पण जाणकाराला लगेच खटकतं, कारण मूळ वस्तूचा तो किंचित वाकडेपणाच तिची ओळख आहे. तो वाकडेपणा जपा.

फोटो गोळा करताना तीन ढीग वेगळे ठेवा: चित्रपटातल्या चौकटी, प्रदर्शनात ठेवलेल्या मूळ वस्तूंचे फोटो आणि खेळणी-पुतळ्यांचे फोटो. तिसरा ढीग मोजमापासाठी वापरूच नका; खेळण्यांची प्रमाणं बदललेली असतात. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक-हनुवटी फुगते, म्हणून लांबून झूम करून काढलेले फोटो शोधा. माप काढायला फोटोत अशी एखादी वस्तू लागते जिची लांबी ठाऊक आहे. ह्या सैनिकाच्या हातातली बंदूक ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनवर बेतलेली आहे, आणि दस्ता दुमडल्यावर स्टर्लिंगची लांबी साधारण ४८ सेंटीमीटर भरते. बंदूक छातीशी सरळ आडवी धरलेली असेल असा फोटो मिळाला की छातीच्या पत्र्याची रुंदी, पट्ट्याची उंची, मनगटाच्या तुकड्याची लांबी पट्टीने काढता येते.

स्टार वॉर्सच्या पोशाखांचं वेड असलेल्यांची ‘५०१ वी लीजन’ ही जागतिक संघटना अल्बिन जॉन्सन यांनी १९९७ साली सुरू केली. प्रत्येक पोशाखाचा कुठला भाग कसा असावा ह्याची तपशीलवार यादी त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. सभासद व्हायला १८ वर्षं पूर्ण लागतात. पण व्हायचं नसलं तरी ती यादी छापून कामाच्या टेबलासमोर लावा. आणि स्वतःसाठी हौसेने बनवा, विकायला बनवू नका. ह्या हेल्मेटवरून एन्सवर्थ आणि चित्रपटकंपनी यांच्यातला खटला २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

साहित्य: कुठलं चालेल, कुठलं वितळेल

थ्रीडी प्रिंटिंगवाले डोळे मिटून पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात, कारण ते स्वस्त आणि छापायला सोपं. पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेलं पीएलएचं हेल्मेट संध्याकाळी हातात घेतलंत तर कडा लोंबलेल्या दिसतील. दुसऱ्या प्लास्टिकांपैकी पीईटीजी ८० अंशांपर्यंत तग धरतं, एबीएस आणि एएसए शंभरच्या आसपास. माझ्या मते नागपुरात पीएलए फक्त साचा बनवायला किंवा घरातच राहणाऱ्या वस्तूला वापरावं. अंगावर घालायच्या भागाला किमान पीईटीजी घ्या, आणि उन्हात काम पडणार असेल तर एएसए. ते उन्हाने पिवळंही लवकर पडत नाही.

हीच गोष्ट ग्लू गनची. तिच्या कांड्या उष्णतेनेच वितळतात, त्यामुळे उन्हात तो सांधा सुटतो. तात्पुरतं टाचायला ठीक, कायमच्या जोडाला नको.

पांढऱ्या, चकचकीत, पातळ कवचासाठी एबीएसचा साधारण २ मिलिमीटरचा पत्रा सगळ्यात चांगला. एचआयपीएस हे आणखी एक प्लास्टिक स्वस्त पडतं, साच्यावर सहज बसतं, पण ठिसूळ असतं. घरी मोठा भाग ओढण्याइतका पत्रा एकसारखा तापवणं कठीण आहे. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत पॅकेजिंगचे ट्रे काढणारं युनिट शोधा, साचा आपला न्या आणि त्यांच्या यंत्रावर पत्रे ओढून घ्या. साच्याच्या भिंती किंचित तिरप्या हव्यात, नाहीतर पत्रा निघत नाही. खोलगट जागी एक मिलिमीटरची भोकं पाडा म्हणजे हवा अडकणार नाही. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा असेल तर तो आतपर्यंत वाळलेला पाहिजे. ओल राहिली तर गरम पत्र्याखाली वाफ होते आणि पृष्ठभागावर फोड येतात.

माती आणि साच्याचं काम शिकायला नागपूरकराने फार लांब जायला नको. गणपतीच्या आधीच्या दिवसांत महालातल्या चितार ओळीत जाऊन शांतपणे उभं राहा. ओल्या बोटाने मातीची कड कशी गुळगुळीत करतात, प्लास्टरचा साचा किती तुकड्यांत उघडतात, कॉम्प्रेसरच्या एका हलक्या फवाऱ्याने गालावर सावली कशी आणतात, हे डोळ्यांदेखत बघायला मिळतं. वेळ पाहून अदबीने विचारलंत तर मूर्तिकार सांगतातही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या बडग्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्यांचे, सांगाडेही बघा. बांबू आणि कागदाच्या बळावर एवढं मोठं धूड कसं उभं राहतं, ह्यात मोठ्या चिलखताचं वजन कमी करण्याची सगळी शिकवण आहे.

पहिलंच चिलखत असेल तर मात्र ईव्हीए फोमने सुरुवात करा. तो हलका आहे, कापायला घरचं कटर पुरतं, पडलं-आपटलं तर फुटत नाही. जिममध्ये अंथरायच्या जोडचटया त्याच्याच असतात, पण त्या बऱ्याचदा भुसभुशीत निघतात. चपला-बुटांचं कच्चं सामान विकणाऱ्या दुकानात दाट फोमचे शीट मागा. अंगठ्याचं नख रुतवून बघा. खूण पटकन भरून आली तर माल चांगला. मोठ्या भागांना ८ किंवा १० मिलिमीटर, हातापायांना ५ ते ६, वरच्या नक्षीला २ मिलिमीटर असे तीन जाडीचे शीट घेतलेत की काम भागतं.

स्वतःच्या अंगावरून नमुना काढणं

चिलखत खरं वाटतं की खोटं, हे बहुतेक वेळा मापावरच ठरतं. महागडं साहित्य वापरलं आणि खांद्याचा तुकडा कोपरापर्यंत लोंबला, तर पाहणाऱ्याला ते लहान मुलाला मोठ्याचा सदरा घातल्यासारखं दिसतं. म्हणून ह्या पायरीला पूर्ण एक दिवस द्या.

जुना टी-शर्ट घाला. त्यावरून स्वयंपाकघरातली चिकटफिल्म छातीभोवती, पोटाभोवती दोन-तीन वेढे गुंडाळा. मग जोडीदाराकडून किंवा मित्राकडून त्यावर कागदी मास्किंग टेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावून घ्या. सरळ उभे राहा, श्वास नेहमीसारखा चालू ठेवा. पोट आत ओढून धरलंत तर तयार चिलखतात बसताच येणार नाही. आता मार्करने त्या टेपवरच चिलखताच्या रेघा काढायच्या: छातीचा पत्रा कुठे संपतो, पोटाचा कुठे सुरू होतो, बाजूची फट कुठे. हे आरशासमोर आणि शेजारी नमुन्याचा फोटो ठेवून करा. मग बगलेखालून कात्रीने कापून ते कवच उतरवा, रेघांवर तुकडे करा. सपाट न होणाऱ्या तुकड्याला जिथे तो उचलला जातो तिथे चीर द्या. तीच चीर पुढे फोममध्ये शिवणीची जागा होते. प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा, वर-खाली आणि जोडाच्या खुणा लिहून ठेवा.

हा टेपचा नमुना आधी जाड पुठ्ठ्यावर उतरवा आणि पुठ्ठ्याचं चिलखत घालून बघा. हात वर करा, खाली वाका, खुर्चीवर बसा, जिन्याच्या चार पायऱ्या चढा. जिथे टोचतं तिथे खूण करा. मूळ पोशाख उंच, सडपातळ माणसांसाठी होते. आपली उंची कमी असेल तर मांडी, नडगी आणि पोटाचा तुकडा उंचीला कापावा लागतो. हेल्मेट मात्र लहान करू नका. खांद्याच्या रुंदीशी त्याचं प्रमाण चुकलं की सगळी ठेवण बिघडते.

फोमचं काम

कटरचं पातं नवं पाहिजे. फोम पातं फार लवकर बोथट करतो, आणि बोथट पातं फोम कापण्याऐवजी फाडतं. दर काही कापांनंतर पातं धारेच्या दगडावर चार वेळा ओढा किंवा टोक मोडून नवं घ्या. एकाच दमात आरपार न जाता दोन-तीन वेळा हलकं ओढा, पातं उभं ठेवा. दोन तुकडे कोनात जोडायचे असतील तर कडा ४५ अंशांत तिरप्या कापा, म्हणजे बाहेरून फट दिसत नाही.

मग हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र. ती कमी सेटिंगवर ठेवून हात सतत फिरता राहू द्या. फोमचा पृष्ठभाग मॅट असतो. पुरेसा तापला की त्यावर किंचित चकाकी येते. ती दिसताच थांबा. त्या क्षणी वरची छिद्रं बंद झालेली असतात आणि फोम वळवायला तयार असतो. मांडीचा तुकडा स्वतःच्या मांडीवर जाड कापड टाकून, त्यावर दाबून धरा. थंड होईपर्यंत हलवू नका. घाईत सोडलात तर तो परत सपाट होतो.

जोडायला फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखा रबराचा गोंद. दोन्ही कडांना पातळ हात द्या आणि थांबा. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर ओढला न जाता नुसता लागला, की जोडायची वेळ झाली. मे महिन्यात कोरड्या हवेत ही वेळ फार लवकर येते, म्हणून एका वेळी वीतभरच कड घ्या. पावसाळ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि गोंदावर पांढरट दमट थर दिसला तर तो पुसून, वाळवून पुन्हा लावा. दोन कडा एकदा टेकल्या की सरकवता येत नाहीत. एका टोकापासून सुरुवात करा, बोटभर-बोटभर जुळवत जा.

ह्या गोंदाचा आणि थिनरचा वास साधा समजू नका. कापडी मास्कने वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं काडतूस असलेला मास्क लागतो. घासताना धूळ उडते, तेव्हा किमान एन-९५. काम गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या ठेवून करा, आणि जवळ देवाचा दिवा किंवा गॅस पेटलेला नको. ही वाफ पेट घेते, आणि फोमही.

रंग: डेंटिंग-पेंटिंगवाल्याशी मैत्री करा

चकचकीत पांढऱ्या एबीएसला रंगाची गरज नाही. फोमला आणि थ्रीडी प्रिंटला आहे, आणि चांगला रंग मारणारा माणूस तुमच्या वस्तीतल्या गॅरेजमध्येच आहे. माझं छातीचं कवच एका पेंटरभाऊंकडे नेलं तेव्हा त्यांनी आधी दोन बोटांनी ते दाबून पाहिलं आणि म्हणाले, “हे त दबते भाऊ. याच्यावर डुको मारला त तडकन नं. आधी याले कडक करा.” ह्या तीन वाक्यांत फोम रंगवण्याचं सगळं शास्त्र आलं. वाकणाऱ्या वस्तूवर डुकोसारखा न वाकणारा गाडीचा रंग टिकत नाही.

अंगावर घालायचा फोम वाकताच राहणार, म्हणून त्याला कडक करण्याऐवजी आधी वाकणारा थर द्यायचा. फेव्हिकॉल मरीनमध्ये थोडं पाणी मिसळून ब्रशने चार-पाच पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. साधा पांढरा फेव्हिकॉल घामाने आणि पावसाळी हवेने परत चिकट होतो, म्हणून पाण्याला दाद न देणारा घ्या. त्यावर प्लास्टिकचा प्रायमर, मग रंग. गाडीच्या बंपरच्या रंगात लवचीकपणासाठी एक द्रव मिसळतात. पेंटरला ‘बंपरसाठी मिसळता तसं’ म्हटलं की त्याला बरोबर कळतं.

थ्रीडी प्रिंटच्या रेघा घालवायला लांबी (पुट्टी) भरा आणि सँडपेपरने घासा: १२० नंबरने सुरुवात, मग २२०, ४००, शेवटी ६०० चा वॉटर पेपर पाण्यासकट. प्रायमर मारल्यावर ट्यूबलाइटखाली वस्तू तिरपी धरून बघा. रेघ दिसली तर पुन्हा लांबी. इथे कंटाळा केला की वरचा रंग कितीही भारी असला तरी तीच रेघ डोळ्यांत येते. ऐन पावसाळ्यात स्प्रे मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका, निस्तेज पडतो. जूनअखेर ते सप्टेंबर हे कापण्या-जोडण्याचे महिने, रंगाचं काम ऑक्टोबरवर ठेवा.

मळवण्याचं काम नमुन्याबरहुकूम करा. काळा ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून खाचांत सोडायचा आणि वरचा लगेच ओल्या कपड्याने पुसायचा. खरचटे कुठे पडतील ह्याचा विचार करा: गुडघ्यावर, कोपरावर, पिस्तुलाचं कव्हर घासतं त्या मांडीवर. सगळीकडे सारखे खरचटे म्हणजे रंगवलेले खरचटे. खालचं धातूचं अस्तर डोकावायला हवं असेल तर आधी चंदेरी रंग, त्यावर टाचणीभर टूथपेस्टचे ठिपके, मग वरचा रंग; वाळल्यावर पाण्याने टूथपेस्ट धुऊन काढली की पोपडा उडाल्यासारखं दिसतं. वाळवंटातल्या सैनिकाला धुळीचा रंग ट्युनिशियाच्या फिकट वाळूचा द्यायचा. आपल्या काळ्या मातीचा तपकिरी-काळा डाग तिथे परका दिसतो.

एबीएसचे भाग जोडणं आणि बांधणं

एबीएसचे दोन अर्धे तुकडे एकमेकांवर चढवून चिकटवू नका. कडेला कड लावा आणि वरून-आतून त्याच प्लास्टिकची पट्टी द्या. मूळ पोशाखाच्या धर्तीवर बनवणारे बाहेरची पट्टी हातांना साधारण १५ मिलिमीटर रुंद घेतात, पायांना पुढून २० आणि मागून २५. आधी सगळं मास्किंग टेपने बांधून घालून बघा, मगच चिकटवा. कापलेल्या तुकड्यांचा भुगा ॲसिटोनमध्ये विरघळवला की एबीएसची पेस्ट तयार होते. ती आतून सांध्याला भरा; बाहेरच्या चकचकीत बाजूला ॲसिटोनचा थेंबही लागू देऊ नका, डाग कायमचा राहतो. नडगीचा तुकडा मागून उघडा राहत असेल तर उकळत्या पाण्यात ती कड बुडवून, जाड हातमोजे घालून वळवा.

बांधणीसाठी टिच बटण, रुंद इलॅस्टिक, बॅगेची नायलॉन पट्टी आणि बकल हे सगळं इतवारीच्या बाजारात एका फेरीत मिळतं. खांद्याला इलॅस्टिक, कारण हात वर गेल्यावर ते ताणलं पाहिजे. कमरेला आणि मांडीला न ताणणारी पट्टी, नाहीतर चालताना मांड्यांचे तुकडे खाली सरकत राहतात. मांड्यांचं वजन कमरेच्या आतल्या पट्ट्यावर टाकायचं. वेल्क्रो फक्त लपलेल्या जागी वापरा. घामाने आणि धाग्यांनी भरलं की त्याची पकड जाते.

हेल्मेटमध्ये दोन छोटे पंखे बसवा, ५ व्होल्टचे, ३० किंवा ४० मिलिमीटरचे. एक काचेकडे हवा फेकणारा, एक मागून गरम हवा बाहेर काढणारा. १०,००० एमएएचची पॉवर बँक त्यांना दिवसभर पुरते. फक्त विकत घेण्याआधी पंखे लावून बघा, कारण फार कमी वीज खेचली जात असेल तर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात. काचेला आतून पोहण्याच्या गॉगलचं धुकं-रोधक द्रव लावा.

अंगावर चढवल्यावर

नागपुरात बाहेर घालायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून पुढे फक्त एसी हॉलमध्ये, आणि त्यातही ठरवून. प्लास्टिकखाली घाम येतो पण उडत नाही, म्हणून शरीराला गार होण्याचा मार्गच राहत नाही. हे समजून घेतलंत की बाकीच्या सूचना आपोआप पटतील.

आत सुती कपडे नकोत, ते भिजून जड होतात. खेळाडू घालतात तसा काळा, अंगाबरोबर बसणारा ड्राय-फिट सूट आणि डोक्याला पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-मान झाकणारी टोपी. ओल्या कपड्याचं गारवा देणारं जाकीट कवचाखाली काम करत नाही, कारण तिथे वारा खेळत नाही. त्याऐवजी बर्फाच्या पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून छातीच्या आणि पाठीच्या खिशांत ठेवा. कपडे बदलायच्या खोलीत मात्र आपला डेझर्ट कूलर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत एसीपेक्षाही जास्त कामाला येतो: हेल्मेट आणि छातीचं कवच काढा, आतला सूट मानेपाशी ओला करा आणि कूलरसमोर उभे राहा. जुलै-ऑगस्टमध्ये कूलरवर भिस्त ठेवू नका.

वेळ घड्याळावर ठेवा. एसीत अर्धा ते पाऊण तास, हिवाळ्याच्या उन्हात २०-२५ मिनिटं, मग हेल्मेट उतरवून तेवढीच विश्रांती. नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेलं पाणी बरोबर ठेवा. कैऱ्यांच्या दिवसांत पन्हं उत्तम. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली, पायात गोळे आले तर लगेच सगळं उतरवा. घालणारा असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग भाजतंय असं लागलं तर तो उष्माघात आहे. पट्ट्या सोडत बसू नका, कात्रीने कापा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. म्हणून साथीदाराच्या खिशात कात्री असलीच पाहिजे.

साथीदाराशिवाय हेल्मेट घालायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका. हेल्मेटमधून स्वतःचे पाय दिसत नाहीत, कमरेएवढं पोर समोर आलं तरी दिसत नाही. जिना, वायर, ओली फरशी हे साथीदाराने सांगायचं. खुणा आधीच ठरवा: खांद्यावर दोन थापा म्हणजे थांब, हेल्मेटवर हात म्हणजे मला बाहेर काढ.

चढवण्याचा क्रम पायांकडून: बूट, नडगी, मांडी, मग कंबर, छाती-पाठ, हात, शेवटी हेल्मेट आणि हातमोजे. छाती आधी चढवली तर खाली वाकता येत नाही. त्याआधी बाथरूमला जाऊन या. घरून चिलखत घालून निघू नका, झाकणाच्या मोठ्या डब्यात न्या. खोटी बंदूक रस्त्यावर, मेट्रोत, स्टेशनवर बाहेर काढायची नाही. कार्यक्रमाच्या आयोजकांना आणि सुरक्षारक्षकांना तिची आधी कल्पना द्या.

सांभाळणं

घरी आल्यावर थकवा कितीही असो, आतला सूट त्याच रात्री धुवा आणि हेल्मेट उलटं करून पंख्याखाली ठेवा. आतला स्पंज वेल्क्रोने बसवलेला असेल तर काढून धुता येतो, म्हणून बनवतानाच तसा बसवा. कवचाच्या आतून भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने मऊ कापड फिरवा, मग कोरडं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल एबीएसच्या जवळही नको. चकाकी गेली तर गाडीच्या पॉलिशने हलक्या हाताने घासा.

एबीएस उन्हाने पिवळं पडतं, म्हणून ‘वास जाऊ दे’ म्हणून ते गच्चीवर वाळत घालू नका. माळ्यावरही नको, स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात घरातली सगळ्यात तापलेली जागा असते. पलंगाखाली किंवा आतल्या खोलीतल्या कपाटात, प्रत्येक तुकडा जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. फोमचे भाग एकावर एक रचू नका. आत चुरगळलेला कागद भरून उभे ठेवा, नाहीतर दबलेला आकार परत येत नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि चिकट होतात. एचआयपीएसला तर हमखास धोका.

कार्यक्रमाला नेण्याच्या पिशवीत पांढरी कापडी टेप, फेव्हिक्विक, जास्तीची टिच बटणं, इलॅस्टिक, सुई-दोरा आणि छोटा पेचकस कायम राहू द्या. एबीएसला तडा गेला तर तो बहुधा खांद्याच्या किंवा पोटाच्या कडेला जातो. तिथे नुसतं फेव्हिक्विक ओतलं तर तडा पुढे सरकतो. आधी तड्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो तिथेच थांबतो. मग आतून एबीएसची पेस्ट भरा, त्यावर त्याच पत्र्याची पट्टी दाबा आणि २४ तास हात लावू नका. बाहेरून भोक दिसतं, ते पांढऱ्या लांबीने भरून ६०० च्या वॉटर पेपरने घासा. पट्टी कापायला पत्रा लागतो, म्हणून चिलखत बनवताना उरलेल्या तुकड्यांवर कुठल्या शीटचे आहेत ते लिहून पिशवीत भरून ठेवा; दोन वर्षांनी बाजारातून आणलेल्या पांढऱ्याशी तुमचा पांढरा जुळत नाही.